पाणी आलं का?

*बी-४०३ देशपांडे:* पावणेसात. तोंडाला साबण आणि नळाला फुस्स. वॉचमन म्हणतो मोटार चालू आहे. मग पाणी चाललंय कुठे, सिंहगडावर?

*सेक्रेटरी:* नमस्कार. काल गुरुवार, पाणी बंद होते. आज उशिरा व कमी दाबाने येणार, ही सूचना ग्रुपवर दोनदा टाकली होती. कृपया वाचत जावे.

*बी-४०३ देशपांडे:* वाचली. सूचनेने साबण निघत नाही.

*ए-४०१ जोशी काकू:* जिन्यातली माझी निळी बादली कुणी नेली?

*बी-१०२ रोहन:* खालच्या टाकीत पाणी आलंय, आत्ताच बघितलं. मोटारीने हवा पकडलीये. बंद करा आधी, जळेल.

*सेक्रेटरी:* प्लंबर फोन उचलत नाही.

*बी-४०३ देशपांडे:* कसा उचलेल? दिवाळीचं बिल अजून अडकलंय त्याचं.

*सेक्रेटरी:* ज्यांचा दोन तिमाहींचा मेंटेनन्स बाकी आहे त्यांनी बिलावर बोलू नये. नाव घेत नाही.

*बी-४०३ देशपांडे:* घ्या की.

*ए-४०१ जोशी काकू:* निळी बादली. कडी तुटकी.

*ए-२०१ सुलभा:* आलं पाणी!! मी आणि वॉचमनदादांनी केलं. पंपावरचा नट पान्ह्याने सोडवला आणि मगाने पाणी ओतत बसलो. तीनदा बुडबुडे येऊन खाली गेलं. चौथ्यांदा काठोकाठ भरलं आणि हललंच नाही. नट आवळला, मोटार लावली, पाइपला हात लावते तर गारेगार! गुडघ्यापायी महिनाभर खाली उतरले नव्हते हो. आता गाऊन ओला, हाताला ग्रीस, आणि जिना चढले ते गाणं म्हणत.

*बी-१०२ रोहन:* आम्ही ऐकलं, काकू. दुसरं कडवं चुकलं.

*सेक्रेटरी:* सुलभाताई, आभार. तथापि कमिटीला न विचारता पंपाला हात लावू नये. शॉक बसला असता तर जबाबदार कोण?

*ए-२०१ सुलभा:* मेन स्विच पाडून केलं, भाऊ. आज माझा मूड घालवू नका.

*बी-१०२ रोहन:* काल टाकीची पातळी पाइपच्या तळाशी असलेल्या फूट व्हॉल्व्हच्या खाली गेली, म्हणून हवा शिरली. व्हॉल्व्हमध्ये कचराही असणार. साफ करून घ्या, नाहीतर पुढच्या शुक्रवारी हेच.

*सेक्रेटरी:* मीटिंगमध्ये घेऊ.

*बी-४०३ देशपांडे:* साबण निघाला. सुलभाताई, मानलं. कालपासून घरात अबोला होता, आत्ता मीच चहा टाकलाय.

*बी-१०२ रोहन:* काका, चहा की मेंटेनन्सची तयारी?

*ए-४०१ जोशी काकू:* बादली?

*ए-२०१ सुलभा:* पंपाजवळ आहे, काकू. जरा ग्रीस लागलंय, घासून देते.

*ए-४०१ जोशी काकू:* त्यात मगपण होता.