आमच्या वसईचे काका
कुणीतरी लिहिलंय की चर्चमध्ये राबणाऱ्यांचं घराकडे लक्ष नसतं, अहो आमचे वसईतले काका बघितले असते तर असं नसतं म्हटलं. पहाटेच्या मिस्साआधी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीआधी, तिथली दारं उघडायची, वेदीवरच्या मेणबत्त्या लावायच्या आणि घरी येऊन वाडीला पाणी, पोरांचे डबे, काकींच्या गुडघ्यांना तेल, सगळं तेच करायचे. राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की घरोघर फिरून मागच्या झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरच्या आदल्या रविवारची) सुकलेली पाती गोळा करायचे, तीच जाळून कपाळाला लावायची राख करतात हे आम्हा पोरांना त्यांच्यामुळेच कळलं. १९९८ ला वसई वेगळा धर्मप्रांत (बिशपच्या हाताखालचा चर्चचा विभाग) झाला तेव्हाच्या आमच्याकडच्या फोटोंत मात्र ते कुठेच नाहीत, मागे खुर्च्या लावत असणार, दुसरं काय!