ट्रिपलला नेलपॉलिशचा वास, लवंग मात्र गायब. यीस्टचं काय चुकलं?

आइंडहोवनकर
मंडळी नमस्कार, मी नेदरलँड्समध्ये असतो, घरी बिअर करायला लागून दीड वर्ष झालं, पेल एल आणि स्टाउट छान जमल्या. इथून बेल्जियममधला वेस्टमालेचा मठ गाडीने तासाभरावर आहे, तिथे समोरच्या कॅफेत त्यांची ट्रिपल (फिकट सोनेरी, कडक बेल्जियन बिअर) प्यायलो आणि तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय. जुलैत २० लिटर केली. साडेपाच किलो पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), १ किलो साधी बीटची साखर, साझ हॉप्स (कडवटपणासाठीची फुलं), बेल्जियन यीस्टचं एक पाकीट, ओजी (आंबण्याआधीची घनता) १.०८०. खोली २६ अंश होती, घरात एसी नाही. दीड दिवस बादली नुसती उसळत होती, एफजी (आंबल्यानंतरची घनता) १.०१२ आला म्हणजे जवळजवळ ९ टक्के. आकडे बरोबर आले पण ग्लास नाकाशी नेला की आधी नेलपॉलिश, मग काळं पडलेलं केळं, आणि घशाला चटका बसतो. तिकडे जो लवंग-मिरीचा हलका वास होता तो अजिबातच नाही. पुढच्या वेळी उकळताना दोन लवंगा टाकू का यीस्ट बदलू?

लूव्हनवासी
लवंग नको टाकूस रे! वेस्टमालेच्या ट्रिपलमध्ये मसाला नसतोच, तो वास यीस्टच तयार करतं. माल्टमध्ये फेरुलिक ॲसिड असतं, यीस्टकडे योग्य एन्झाइम असलं की त्याचं ४-व्हिनाइल ग्वायाकॉल होतं आणि त्याचा वास लवंगेसारखा येतो. पण सगळ्याच बेल्जियन यीस्टना हे जमत नाही, माहितीपत्रकात पीओएफ (म्हणजे हा लवंगेचा वास तयार करायची क्षमता) पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते बघ. निगेटिव्ह असेल तर काहीही कर, लवंग येणार नाही. टी-५८ नावाचं पाकिटातलं यीस्ट पॉझिटिव्ह आहे. शिवाय मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं माल्ट) आधी ४३-४५ अंशांवर १५ मिनिटं ठेवलास तर फेरुलिक ॲसिड जास्त सुटतं.
केळ्याचं प्रकरण वेगळं, ते आयसोअमाइल ॲसिटेट, आणि नेलपॉलिश म्हणजे इथाइल ॲसिटेट, दोन्ही एस्टर, म्हणजे यीस्ट आंबवताना बनवतं ती वासाची द्रव्यं. थोडं केळं हवंच, पण खोली २६ म्हणजे बादलीच्या आत ३० पर्यंत गेलं असणार कारण आंबताना उष्णता तयार होतेच. यीस्ट वाढत असतं ते पहिले दोन-तीन दिवस, चवीचा बराचसा निकाल तिथेच लागतो. १८ ला यीस्ट टाक, ४८ तास २० च्या आत धर, मग हळूहळू २३-२४ पर्यंत चढू दे म्हणजे साखर पूर्ण संपते.

माल्टवाली
वरचं बरोबर आहे पण सगळं खापर तापमानावर फोडू नका. वेस्टव्लेटेरेन या दुसऱ्या बेल्जियन मठाचे साधू यीस्ट वेस्टमालेहूनच आणतात, वेस्टमालेत २० च्या आसपास आंबवतात आणि वेस्टव्लेटेरेनला २८-२९ पर्यंत चढू देतात. तिथे कुठे नेलपॉलिश येतं? ताजं, धडधाकट यीस्ट भरपूर घालतात म्हणून ते निभावतं. १.०८० ला एक पाकीट म्हणजे चार माणसांचा स्वयंपाक एकटीवर टाकल्यासारखं आहे. मी हीच रेसिपी सारख्याच तापमानाला आधी एका आणि नंतर दोन पाकिटांवर केली, दुसऱ्या वेळी घशाचा चटका गेला. आणि साखर सुरुवातीला घालू नका, फेस बसायला लागला की सिरप करून घाला, तोपर्यंत यीस्ट माल्टोज (माल्टमधली साखर) खाऊन तयार झालेलं असतं. काही मठांत ती उकळतानाच कढईत घालतात हे खरंय पण त्यांच्यासारखं यीस्ट आपल्याकडे नसतं.

पेठेतून पोर्टलंड
घर गरमच राहणार असेल तर उन्हाळ्यात सेझाँ (कोरडी बेल्जियन बिअर) करा ना. बेल्जियममधल्या टूर्पच्या ड्युपाँ ब्रुअरीचं यीस्ट ३० च्या वर खुश असतं, थंडीत उलट १.०३५ ला अडून बसतं. फक्त काही सेझाँ यीस्ट डायस्टॅटिकस जातीचे असतात, बीई-१३४ हे पाकिटातलं यीस्ट त्यातलं, ते हळूहळू डेक्स्ट्रिनसुद्धा (इतर यीस्टना न पचणारी पिष्टाची साखळी) खात राहतं. एफजी आठवडाभर हलत नाही हे बघितल्याशिवाय बाटल्या भरू नका, फुटतात. नळ्या आणि बादलीही वेगळी ठेवा.
जाता जाता, डूव्हल या बेल्जियन बिअरचं यीस्ट मूळचं स्कॉटलंडचं, पहिल्या महायुद्धानंतर ती बनवणाऱ्या मोर्टगाटांनी तिकडून आणलं. म्हणून मला नुसतं 'बेल्जियन यीस्ट' म्हटलेलं पटत नाही, प्रत्येक घराण्याची गायकी वेगळी.

आइंडहोवनकर
खूप आभार! माहितीपत्रक शोधलं, माझं यीस्ट पीओएफ निगेटिव्हच निघालं. ऑक्टोबरमध्ये तळघर १७ अंशांवर येतं, तेव्हा दोन पाकिटं टी-५८ आणि साखर तिसऱ्या दिवशी. आताच्या ५० बाटल्यांचं काय करू, ठेवल्या तर सुधारतील का?

माल्टवाली
चटका पाच-सहा महिन्यांत थोडा निवतो, नेलपॉलिश फारसं जात नाही. दहा-बारा थंड जागी ठेव, महिन्याला एक उघड आणि वास लिहून ठेव, ऑक्टोबरच्या ट्रिपलशेजारी ठेवून पी. आणि टी-५८ गोडसर थांबतं हां, एफजी १.०१८ च्या आसपास आला तर घाबरू नकोस. वेस्टमालेसारखी कोरडी हवी असेल तर लिक्विड यीस्टमध्ये डब्ल्यूएलपी५३० घे, स्टार्टर (यीस्ट आधी थोड्या गोड द्रवात वाढवून घेणं) मात्र मोठा कर.