शब्दचर्चा : 'मेदमुक्ती' म्हणजे नक्की कोणाची मुक्ती?

नांदुरकी
आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यासाठी १९७३ सालचा एक छोटा जाहीरनामा घेतलाय, 'फॅट लिबरेशन मॅनिफेस्टो'. लॉस एंजेलिसच्या 'फॅट अंडरग्राउंड' गटातल्या जूडी फ्रीस्पिरिट आणि अल्डेबरान या दोघींनी लिहिलेला. जाड माणसांना माणूस म्हणून पूर्ण मान हवा, नोकरी, शिक्षण, दवाखाना, सार्वजनिक जागा कुठेही भेदभाव नको, अशा मागण्या आहेत. वजन उतरवून देण्याचा धंदा करणाऱ्यांना तर सरळ शत्रू ठरवलंय.

मराठीत करायला बसले आणि शीर्षकातच गाडी अडली. मी लिहिलं 'मेदमुक्ती'. गटातल्या काकूंना पाठवलं, तर त्यांचा लगेच फोन, "किती दिवसांचा कोर्स गं? फी काय आहे?"

दुसरा शब्द सुचवा. आणि 'अलाय'ला (ally, स्वतः जाड नसूनही जाड माणसांच्या बाजूने उभं राहणारं माणूस) काय म्हणायचं तेही सांगा.

तिरफळ
काकूंचं काही चुकलं नाही, समासाने घोळ केलाय. स्त्रीमुक्ती म्हणजे स्त्रियांची मुक्ती, षष्ठी. दलितमुक्ती तशीच. पण व्यसनमुक्ती, कर्जमुक्ती, तणावमुक्ती या 'पासून'वाल्या, पंचमी. 'मुक्ती'च्या आधी माणसं आली की आपला कान 'ची' ऐकतो, पीडा आली की 'पासून' ऐकतो. मेद हा काही माणूस नव्हे. म्हणजे ज्या धंद्याला त्या दोघींनी शत्रू म्हटलं, त्याचीच जाहिरात तुमच्या शीर्षकातून झाली!

'जाडमुक्ती' कानाला दगडासारखं लागतं. समासाचा हट्ट सोडा. 'जाड माणसांच्या मुक्तीचा जाहीरनामा' म्हणा. लांबलचक आहे खरं, पण फी कोणी विचारणार नाही.

टाकबोरू
'जाड' फार उघडंवाघडं वाटतं. 'स्थूल व्यक्ती' म्हणावं. सभ्य आहे, शास्त्रीयही आहे.

अबोली_९
टाकबोरू, मी जाड आहे. शहाण्णव किलो. 'स्थूल' मला दोनच ठिकाणी भेटतो, एक रिपोर्टात आणि दुसरा ज्यांना 'जाड' म्हणायचंय पण जीभ रेटत नाही त्यांच्या तोंडी. बाकीचे 'तब्येत सुधारली', 'अंग सुटलं', 'खात्यापित्या घरची दिसतेस', 'जरा हेल्दी झालीस' असलं काहीतरी म्हणतात. प्रत्येक वेळी समोरच्याचा चेहरा बघून कळतं की शब्द चुकवायला त्याला किती कसरत पडली. जे लपवावं लागतं ते वाईटच असणार, हे मी शाळेत असल्यापासून याच लपवाछपवीतून शिकले. त्या बायकांनी 'फॅट' हाच शब्द घेतला तो यासाठीच, उंच, ठेंगणी, सावळी तशी जाड. एक साधं विशेषण.

एक गंमत सांगते. मराठीत 'ड्रेस मला होत नाही' म्हणतात, 'ड्रेस मला बसत नाही' म्हणतात. कर्ता कोण? ड्रेस. नापास झाला तो ड्रेस! गेल्या दिवाळीत एका दुकानात कुर्ता मागितला, तर काउंटरवरच्या पोऱ्याने मला वरून खाली बघितलं आणि हँगर जागेवर अडकवत म्हणाला, "ताई, यात तुम्ही नाही बसणार." कर्ता बदलला. एवढ्याशा बदलात नापास मी.

तिरफळ
वा! हे व्याकरणाच्या पुस्तकात घालायला हवं.

'जाड' तसा बिचारा निरुपद्रवी आहे. जाड पुठ्ठा, जाड भिंग, जुन्या मराठीत तर 'जाडे विद्वान'सुद्धा. विष आहे ते 'या' प्रत्ययात. 'जाडा मुलगा' म्हटलं तर मुलगा शिल्लक राहतो, 'जाड्या' म्हटलं की मुलगा गायब. टकल्या, लंगड्या, चकण्या, सगळे याच साच्यातले.

आणि 'लठ्ठ'चं नशीब बघा. पगार लठ्ठ असला की सोयरिकी चालून येतात. मंत्री वजनदार लागतो, खातंही वजनदार. बाळाने बाळसं धरलं की दृष्ट काढतात. पुढे दहा वर्षांचा झाला की तोच जाड्या.

खडीसाखर
हे सगळं अमेरिकेतलं फॅड आहे. आपल्याकडे लंबोदराची पूजा होते, दोंदाचं कौतुक होतं. आपल्याला कशाला हवी असली मुक्ती?

तिरफळ
चरकसंहिता, सूत्रस्थान, अध्याय २१. नावच 'अष्टौनिन्दितीय'. शरीरावरून निंदिले जाणारे आठ जण : अतिदीर्घ, अतिह्रस्व, अतिलोमा, अलोमा, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल, अतिकृश. पुढे स्थूल आणि कृश यांत कृश बरा, असंही म्हटलंय. अर्थात तिथे वैद्य बोलतोय, गल्लीतला टारगट नव्हे. पण 'निंदित' हा शब्द अमेरिकेहून आलेला नाही.

खडीसाखर
बरं, पण लठ्ठपणाने मधुमेह होतो त्याचं काय?

अबोली_९
ते मी आणि माझे डॉक्टर बघू. शेअर रिक्षात "दोघांचे पैसे द्या" म्हणणाऱ्याला माझ्या साखरेची काळजी नसते.

नांदुरकी
'जाड' ठरलं. भेदभावासाठी मी 'वजनभेद' योजलाय, वर्णभेद, लिंगभेद यांच्या रांगेत बसतो. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये उंची-वजनावरून होणाऱ्या भेदभावाला कायद्याने बंदी घातली, त्याबद्दल लिहायलाही हा शब्द कामाला येईल. आता अलाय. 'साथी' की 'पाठीराखा'?

टाकबोरू
पाठीराखा. अस्सल मराठी.

अबोली_९
नको हो. भाऊ बहिणीचा पाठीराखा असतो, तो मोठा आणि मी बिचारी. 'साथी' म्हटलं की मला समाजवादी शिबिरातली सतरंजी आठवते, पण चालेल.

माझं मत 'बाजूची'. एसटीत तिघांच्या सीटवर मी बसले की शेजारची बाई उसासा टाकते किंवा पर्स मधे ठेवते. एकदा सोलापूरच्या गाडीत एका आजींनी काही न बोलता खिडकीकडे दोन बोटं सरकून घेतलं, पदर आवरला आणि शेंगांची पुडी माझ्यापुढे धरली. पलीकडच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "आजी, चेपाल हां." त्या म्हणाल्या, "मला जागा आहे." बाजूला बसलेली आणि बाजूने बोललेली, दोन्ही अर्थ एकाच शब्दात.

टाकबोरू
'बाजूची' कोशात या अर्थाने सापडत नाही. पण सूचना आवडली. 'स्थूल' मागे घेतो.

नांदुरकी
मग अंतिम असं : 'जाड माणसांच्या मुक्तीचा जाहिरनामा', आणि आत 'आमच्या बाजूचे' असं वापरते. काकूंना पुन्हा पाठवलंय.

तिरफळ
'जाहीरनामा'. 'ही' दीर्घ.