मोठं नेटवर्क सोडायचंय: मॅस्टोडॉन की ब्लूस्काय? आकाशनिरीक्षण गटासाठी सल्ला हवा

रोहिणी_नक्षत्र

नमस्कार. आम्ही काही हौशी आकाशनिरीक्षक बरीच वर्षं एका मोठ्या सोशल नेटवर्कवर एकमेकांना धरून आहोत. कोणी रूपविकारी (तेज कमीजास्त होणाऱ्या) ताऱ्यांच्या नोंदी टाकतं, कोणी फोटो, कोणी नवशिक्यांच्या शंकांना उत्तरं देतं. हल्ली तिथे आमचं लिखाण आमच्याच माणसांपर्यंत पोचत नाही. उल्कावर्षावाच्या रात्री "आत्ता बाहेर या, दिसतायत" असं लिहावं, तर ते बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी दुपारी दिसतं. गटातल्या दोघी मैत्रिणींना अनोळखी खात्यांनी इतका त्रास दिला की त्यांनी लिहिणंच सोडलं. तक्रारींना साचेबंद उत्तरं आली.

आता सगळ्यांनी मिळून हलायचं ठरतंय. मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय या दोन पर्यायी सोशल नेटवर्कची नावं सारखी येतात, पण कुठे जावं यावर एकमत नाही. सर्व्हर निवडायचा म्हणजे नेमकं काय बघायचं? तो उद्या बंद पडला तर? जुनं लिखाण आणि फॉलोअर सोबत नेता येतात का? आणि त्या दोघींना परत लिहावंसं वाटेल अशी जागा यातली कुठली? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सविस्तर सांगा, प्लीज.

पाऊलखुणा

मी २०२२ च्या शेवटी ट्विटर विकलं गेलं तेव्हाच्या लाटेत मॅस्टोडॉनवर आलो आणि राहिलो. तुमच्या पहिल्या अडचणीवर मॅस्टोडॉन हे अगदी सरळ उत्तर आहे. तिथे टाइमलाइन वेळेनुसार चालते. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांनी लिहिलेलं, लिहिलं त्या क्रमाने. रात्री अकराला लिहिलेलं अकराला दिसतं.

सर्व्हरबद्दल. मॅस्टोडॉन हे २०१६ साली ऑयगेन रोख्को या जर्मन प्रोग्रामरने सुरू केलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ते कोणीही आपल्या सर्व्हरवर चालवू शकतं, आणि हे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलने, म्हणजे ठरलेल्या सामायिक नियमांनी, आपसात बोलतात. वेब प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने २०१८ मध्ये तो अधिकृत केला. म्हणजे तुमच्या गटातले सगळे एकाच सर्व्हरवर असायची गरज नाही. ईमेलसारखंच, पत्ता कुठलाही असला तरी पत्र पोचतं.

तरी सर्व्हर डोळे मिटून निवडू नका. त्याचा 'आमच्याविषयी' हा भाग उघडा आणि तीन गोष्टी शोधा: चालवणारे किती जण आहेत, खर्च कुठून येतो, नियम स्पष्ट लिहिलेत का. एकट्या माणसाच्या जिवावर हजारो खाती असतील तर मी तिथे जाणार नाही. जॉइन मॅस्टोडॉन या मॅस्टोडॉनच्या अधिकृत साइटच्या यादीत जे सर्व्हर असतात त्यांना एक करार मान्य करावा लागतो. त्यात द्वेषाविरुद्ध सक्रिय देखरेख, रोजचा बॅकअप, अडीनडीला सर्व्हर हाताळू शकेल असा निदान आणखी एक माणूस, आणि बंद करायचा झाल्यास किमान ३ महिन्यांची पूर्वसूचना, हे सगळं येतं. तेवढ्यावरून चाळणी लावलीत तरी बराचसा धोका टळतो.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या. तिथे लाइकने पोस्ट पसरत नाही. आवडलं तर बूस्ट करायचं, म्हणजे आपल्या फॉलोअरना पुढे दाखवायचं, तरच ते पुढे जातं. आणि हॅशटॅग लिहायचे, कारण हॅशटॅग फॉलो करता येतो आणि नवी माणसं बहुतेक तिथूनच सापडतात. नवे लोक येतात, हॅशटॅगशिवाय लिहितात, कोणी बोलत नाही म्हणून हिरमुसून परत जातात. असं होताना फार वाईट वाटतं.

निळी_शाई

मी ब्लूस्कायच्या बाजूने लिहिते. गट म्हणून जायचं तर सगळ्यात कमी तंत्र जाणणारा माणूस डोळ्यापुढे ठेवा. खातं उघडताना सर्व्हर निवडायला सांगितलं की ती माणसं तिथेच थांबतात. ब्लूस्कायवर ईमेल द्या, नाव घ्या, झालं. स्टार्टर पॅक नावाची सोय आहे. तुमच्या गटातल्या सगळ्यांची यादी एकाने करायची, बाकीच्यांनी एका क्लिकमध्ये सगळ्यांना फॉलो करायचं. गट हलवायला याहून सोपं साधन मी पाहिलेलं नाही.

दुसरं म्हणजे कस्टम फीड. फीड, म्हणजे समोर येणाऱ्या पोस्टची रांग, कसं लागावं हे कंपनीवर सोडावं लागत नाही, कोणीही स्वतःचं फीड बनवून इतरांना देऊ शकतं. खगोलशास्त्राची फीड्स तिथे खुद्द खगोलशास्त्रज्ञांनी उभी केलेली आहेत, ती उघडून बघाच. आणि नुसतं वेळेनुसार लागणारं फॉलोइंग फीड आहेच.

एका पोस्टची मर्यादा ३०० अक्षरांची आहे, मॅस्टोडॉनवर सहसा ५००. पण दोन्हीकडे काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजत नाहीत, त्यामुळे मराठीत ऐकायला वाटतं त्यापेक्षा जास्त मजकूर बसतो.

गाभारा

निळी_शाई, सोपेपणाबद्दल पूर्ण सहमत. पण धागाकर्तीला मोठ्या कंपनीच्या हातातून सुटायचंय, म्हणून हे सांगायलाच हवं. ब्लूस्काय ज्यावर चालतं तो एटी प्रोटोकॉल खुला आहे, रचना विकेंद्रित होण्याजोगी आहे, पण आज बहुसंख्य खाती कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. कंपनी 'पब्लिक बेनिफिट कॉर्पोरेशन' (नफ्यासोबत लोकहितही जपायला बांधलेली कंपनी) म्हणून नोंदलेली असली तरी तिच्यात गुंतवणूकदारांचा पैसा आहे. डायरेक्ट मेसेज तर प्रोटोकॉलचा भागच नाहीत, ते पूर्णपणे कंपनीकडे राहतात. उद्या मालकी बदलली तर काय, हा प्रश्न तिथेही उभा राहतो.

निळी_शाई

प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच पुढचा मुद्दा महत्त्वाचा. ब्लूस्कायवर तुमची ओळख आणि तुमचा सर्व्हर वेगवेगळे असतात. खातं दुसऱ्या सर्व्हरवर नेलं तर पोस्ट आणि फॉलोअर दोन्ही सोबत येतात. मॅस्टोडॉनवर फॉलोअर येतात, पोस्ट जुन्या जागीच राहतात. ताऱ्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं जपणाऱ्यांसाठी हा फरक लहान नाही. शिवाय ब्लॅकस्कायसारखा, कृष्णवर्णीय वापरकर्त्यांसाठी उभा राहिलेला गट त्याच प्रोटोकॉलवर स्वतःची यंत्रणा उभी करून चालवतोय, म्हणजे हे नुसतं कागदावर नाही.

दिव्याखाली

मी एका छोट्या मॅस्टोडॉन सर्व्हरची मॉडरेटर, म्हणजे देखरेख करणारी, आहे. रोज तक्रारी वाचते, म्हणून सुरक्षिततेबद्दल जरा लांब लिहिते. रोहिणीताई, तुमच्या मैत्रिणींसाठी खरा निकष हाच आहे.

छोट्या सर्व्हरवर तक्रार माणूस वाचतं. ज्या सर्व्हरवरून सतत त्रासदायक खाती येतात, तो अख्खा सर्व्हरच आम्ही तोडून टाकतो, याला डीफेडरेशन म्हणतात. वापरणाऱ्यालाही स्वतःपुरता एखादा डोमेन, म्हणजे त्या पत्त्याचा अख्खा सर्व्हर, ब्लॉक करता येतो. फक्त फॉलोअरनाच दिसेल अशी पोस्ट लिहिता येते, आणि फॉलोअर कोण व्हावं हे मंजुरीवर ठेवता येतं. मजकुरातल्या शब्दांवरून शोधात यायचं की नाही हेही ज्याचं त्याने ठरवायचं. कोणी हेरत असेल तर याने खूप फरक पडतो. ब्लूस्कायवर सगळ्या पोस्ट सार्वजनिक असतात, आणि कोणी कोणाला ब्लॉक केलंय हेही बाहेरून कळू शकतं. हे तुमच्या मैत्रिणींना आधी सांगा. उलट ब्लूस्कायवर आपल्या पोस्टला उत्तर कोणी द्यायचं हे बांधून ठेवता येतं, आणि कोणी आपली पोस्ट उद्धृत करून झुंड लावली तर ती त्यातून सोडवून घेता येते. उत्तरांवरचं तसं बंधन मॅस्टोडॉनवर नाही. त्या दोघींना त्रास कसा झाला ते त्यांनाच विचारा. झुंडीने उत्तरं येत असतील तर ब्लूस्काय बरं, पाळत ठेवून छळ होत असेल तर मॅस्टोडॉन.

आणि मी मॉडरेटर असूनही हे ठासून सांगते: मॅस्टोडॉनवरचा खासगी मेसेज खऱ्या अर्थाने खासगी नाही. तो एंड टू एंड एन्क्रिप्टेड (फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येईल असा कुलूपबंद) नसतो, त्यात गुंतलेल्या सर्व्हरच्या ॲडमिनला तांत्रिकदृष्ट्या वाचता येतो. फोन नंबर, घरचा पत्ता असलं काही त्यात लिहू नका, त्यासाठी सिग्नल हे मेसेजिंग ॲप वापरा. तसंच पोस्ट डिलीट केली की बाकीच्या सर्व्हरना पुसण्याची विनंती जाते, पण प्रत्येकाने ती पाळलीच असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

रोहिणी_नक्षत्र

दिव्याखाली, तुमचा प्रतिसाद मी त्या दोघींना तसाच वाचून दाखवणार आहे. त्रास कसा झाला हे त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं.

आमच्यात एक जण म्हणतोय, गटाचा स्वतःचाच सर्व्हर काढू. जमेल का? आणि सर्व्हर बंद पडण्याबद्दल अजून कोणी लिहिलं तर बरं होईल. सगळ्यांना तीच धास्ती आहे.

दिव्याखाली

स्वतःचा सर्व्हर लगेच नको. यंत्र चालवणं त्यातलं सोपं काम आहे. दुसऱ्या सर्व्हरवरून येणारे फोटो साठत जाऊन जागा भरते, अपडेट वेळच्या वेळी करावी लागतात, आणि मध्यरात्री आलेल्या घाणेरड्या चित्राची तक्रार कोणीतरी उघडून बघावी लागते. या शेवटच्या कामाने चांगली माणसं थकतात. आधी वर्षभर दुसऱ्याच्या सर्व्हरवर राहा, त्यांना देणगी द्या, कामात हातभार लावा. मग ठरवा.

गाभारा

बंद पडण्याची दोन उदाहरणं देतो, दोन्ही खरी आणि दोन्हीतून वेगवेगळं शिकायला मिळतं. २०२३ मध्ये मॅस्टोडॉन डॉट लोल हा सर्व्हर त्याच्या चालकाने बंद केला. फेब्रुवारीत जाहीर केलं, मे महिन्यात बंद. मधल्या काळात लोकांना दुसरीकडे खाती उघडून फॉलोअर हलवता आले. २०२४ च्या फेब्रुवारीत क्वीअर डॉट एएफ या सर्व्हरचं डोमेनच गेलं. एएफ हा अफगाणिस्तानचा डोमेन, तो तालिबान सरकारच्या हातात, त्यांनी काढून घेतला. सर्व्हर चालवणाऱ्यांनी काही करायच्या आत पत्ता नाहीसा.

मॅस्टोडॉनवरचं स्थलांतर जुना सर्व्हर जिवंत असेपर्यंतच होतं. म्हणून सर्व्हर निवडताना त्याच्या पत्त्याचं शेपूट कुठल्या देशाचं आहे तेही बघा. दिसायला गोंडस म्हणून घेतलेली शेपटं दुसऱ्याच्या राजकारणावर टांगलेली असतात. आणि तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी सेटिंगमधून सीएसव्ही फाइल म्हणून अधूनमधून उतरवून ठेवा. सर्व्हर एकाएकी गेला तरी तुमची माणसं परत जोडता येतील.

यावरूनच माझा खरा सल्ला असा की कुठेही जा, पण पत्ता स्वतःचा घ्या. गटासाठी एक डोमेन विकत घ्या. ब्लूस्कायवर तोच डोमेन हँडल (खात्याचं नाव) म्हणून लावता येतो, प्रत्येक सभासदाला त्याखाली आपापलं नाव मिळतं, आणि तोतया खातं ओळखायला तेवढं पुरतं. मॅस्टोडॉनवर प्रोफाइलमध्ये तुमच्या साइटचा दुवा द्या आणि साइटवरून परत प्रोफाइलचा दुवा 'रेल मी' (rel="me", म्हणजे 'हे खातं माझंच' असं सांगणारी कोडमधली खूण) लावून द्या, मग त्या दुव्यावर हिरवी खूण येते. त्यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

कागदीनाव

गाभारा यांना जोडून. नोंदी महत्त्वाच्या असतील तर त्या आधी आपल्या साइटवर टाका, मग दोन्हीकडे दुवा द्या. साइट वर्डप्रेसवर असेल तर ॲक्टिव्हिटीपबचं प्लगइन (वरून जोडायची सोय) आहे, मॅस्टोडॉनवरची माणसं थेट साइटलाच फॉलो करू शकतात. फोटोंसाठी पिक्सेलफेड बघा, तेही त्याच प्रोटोकॉलवर आहे.

आणि दोन्हीतलं एक निवडलंच पाहिजे असंही नाही. ब्रिजी फेड नावाचा पूल आहे. ब्लूस्काय खात्यावरून त्याच्या ठरलेल्या खात्याला फॉलो केलं की तुमच्या पोस्ट मॅस्टोडॉनवाल्यांना दिसू लागतात, उलट दिशेनेही तसंच.

पाऊलखुणा

जुन्या जागेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पहिलं काम तिथलं संग्रहण, म्हणजे तुमच्या सगळ्या जुन्या लिखाणाची फाइल, मागवणं. मागितल्यावर फाइल तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून ते आजच करा. खातं लगेच उडवू नका. नवा पत्ता प्रोफाइलमध्ये आणि पिन केलेल्या पोस्टमध्ये लिहा, नाव तुमच्याच ताब्यात राहू द्या, म्हणजे दुसरं कोणी ते घेऊन तुमच्या नावाने बोलणार नाही. फॉलोअर आपोआप येणार नाहीत हे गृहीत धरा. ट्विटरवरच्या ओळखीची माणसं मॅस्टोडॉनवर शोधून देणारी साधनं होती, ट्विटरने २०२३ मध्ये फुकट एपीआय (बाहेरच्या साधनांना माहिती घेऊ देणारी सोय) बंद केल्यावर ती बंद पडली. ब्लूस्कायसाठी ओळखीची माणसं शोधायला स्काय फॉलोअर ब्रिज हे ब्राउझर एक्स्टेंशन आहे, पण आपल्या माणसांना स्वतः निरोप देण्याइतकं दुसरं काही चालत नाही.

आणि एकाच दिवशी हला. एकेक जण गेला तर तिथे शांतता बघून परत फिरतो. पुढचा मोठा उल्कावर्षाव कधी आहे ते तुम्हाला माहीतच असेल. त्या रात्रीच्या नोंदी फक्त नव्या जागी टाका.

रोहिणी_नक्षत्र

सगळ्यांचे मनापासून आभार. मघाशी त्या दोघींशी बोलले. एकीला झुंडीचा त्रास होता, दुसरीवर एक माणूस अनेक खात्यांतून पाळत ठेवत होता. म्हणजे दिव्याखाली म्हणाल्या तसं दोघींना वेगवेगळी उत्तरं लागणार. पहिली ब्लूस्कायवर जाईल, दुसरी मॅस्टोडॉनवर बंद खातं काढेल. गटातले बाकीचे ब्लूस्कायवर, डोमेन घेऊन, आणि ज्यांची तयारी आहे ते पुलावरून. नोंदींसाठी साइट. जिला पाळतीचा त्रास आहे तिने पुलावर यायचं का, एवढं सांगा.

दिव्याखाली

नको. तिने स्वतः पूल चालू केल्याशिवाय तिच्या पोस्ट पलीकडे जात नाहीत, ते तसंच राहू द्या. पुलावरून आलेल्या तुम्हा सगळ्यांचं ती मॅस्टोडॉनवर बसून वाचू शकेल. लिहायचं असेल तेव्हा फक्त फॉलोअरसाठी लिहावं, आणि फॉलो विनंती मंजूर करण्याआधी त्या खात्यामागचं माणूस ओळखीचं आहे ना, हे फोन करून विचारावं. तुमच्यापैकी दोघं-तिघं तिच्याच सर्व्हरवर खातं काढा, म्हणजे तिच्या नोंदींना उत्तर द्यायला कोणीतरी असेल.