पायथॉनसाठी कोड तपासणारी तीन साधने एकत्र चालवावीत का? सल्ला हवा

पावसची_पेटी:
मी आंबा बागायतदारांसाठी पेट्यांचा हिशेब ठेवणारी प्रणाली पायथॉनमध्ये लिहितो. प्रत्येक कमिटपूर्वी, म्हणजे कोडमधले बदल नोंदवण्याआधी, मांडणी एकसारखी करणारा ब्लॅक आणि चुका दाखवणारे फ्लेक-८ व पायलिंट हे लिंटर चालवतो. परंतु एकच चूक दोनदा सांगितली जाते, आणि ब्लॅकने लावलेली मांडणी फ्लेक-८ला पसंत पडत नाही. यंत्र ४ जीबी मेमरीचे आहे, खर्चाची तयारी अजिबात नाही आणि पावसाळ्यात इंटरनेटचा भरवसा नसल्यामुळे तपासणी याच यंत्रावर, अर्ध्या मिनिटात व्हायला हवी. काय ठेवावे आणि काय काढावे?

चिपळूणकर_७२:
आधी यंत्र बदला. मी गणपतीत १६ जीबीचा लॅपटॉप घेतला आणि आता चहा गाळून होईपर्यंत पायलिंटचे काम आटोपलेले असते.

अष्टागर:
यंत्राचा प्रश्नच नाही, भांडण ओळीच्या लांबीचे आहे. फ्लेक-८ मुळात ७९ अक्षरे धरतो, ब्लॅक ८८ आणि पायलिंट १००. म्हणून तिघांनाही ८८ हा एकच आकडा द्यावा. ब्लॅक कधी कधी स्लाइसमधल्या, म्हणजे यादीचा तुकडा घेण्याच्या खुणेतल्या, अपूर्णविरामाआधी मोकळी जागा सोडतो आणि त्यावर फ्लेक-८ ई२०३ ही तक्रार करतो, ती बंद करावी. स्वतः मी मात्र ७९च पाळतो, कारण तेवढ्यात दोन फायली शेजारी शेजारी नीट वाचता येतात.

मालवणी_रफ:
७९चा हट्ट आता सोडावा. मी फ्लेक-८ काढून रफ बसवला. तो रस्ट भाषेत लिहिलेला असल्यामुळे जुन्या यंत्रावरही क्षणात उत्तर देतो, फ्लेक-८चे बहुतेक नियम त्यातच आहेत आणि ब्लॅकसारखी मांडणीही तोच करतो.

हर्णै_बंदर:
१९७८च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी पहिला लिंट लिहिला, तेव्हा नाव घेतले ते कपड्याला चिकटणाऱ्या तंतूंचे. तंतू झाडल्याने उसवलेली शिवण जुळत नाही. गेल्या हंगामात आमच्या कोडवर एकाही लिंटरची तक्रार नव्हती, तरी होडीच्या डिझेलचा हिशेब दुप्पट निघाला आणि मालकांची बोलणी मला खावी लागली. चाचण्या लिहाव्यात.

वेंगुर्ल्याचा_काजू:
वर कोणी सुचवले नसल्यास सांगतो, रफ वापरून पाहावा. सोबत प्री-कमिट हे कमिटपूर्वी तपासण्या आपोआप चालवणारे साधन लावल्यास केवळ बदललेल्या फायली तपासल्या जातात. त्याची साधने उतरवून घेण्यापुरते पहिल्यांदा इंटरनेट लागते, ते पाऊस सुरू होण्याआधी उरकावे.

मालवणी_रफ:
वर मीच सुचवले आहे.

पावसची_पेटी:
सर्वांचा आभारी आहे. काल रफ चालवून पाहिला आणि त्याचा वेग खरोखर थक्क करणारा आहे. तथापि परत आलेल्या पेटीच्या हिशेबात मी एका गुणधर्माचे नाव चुकीचे लिहिले होते आणि तो भाग क्वचितच चालत असल्यामुळे आजवर कोणाच्या लक्षात आले नव्हते. रफ त्यावर गप्प राहिला, पायलिंटने मात्र ‘नो-मेंबर’ म्हणून नेमके तेथे बोट ठेवले, कारण कोणती वस्तू कोणत्या प्रकारची असेल याचा तो माग काढतो. त्यामुळे पायलिंट काढणार नाही आणि रफही घेणार नाही. फ्लेक-८ मात्र आजच काढून टाकला. कमिटपूर्वी फक्त ब्लॅक चालेल, आणि रात्री आम्ही जेवायला बसलो की पायलिंट संपूर्ण कोड तपासत बसेल. त्याला कितीही वेळ लागला तरी चालेल.

चिपळूणकर_७२:
१६ जीबी असते तर ताटे मांडेपर्यंतच झाले असते.