इन्स्टावरची इंटर्नशिप: पैसे भरू का?

साखळीकर: मी टीवायबीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. उन्हाळ्यात फार्मा कंपनीत इंटर्नशिप हवी. लिंक्डइनवर एचआरना मेसेज टाकतेय, उत्तरच येत नाही. काल इन्स्टावर जाहिरात दिसली: घरबसल्या इंटर्नशिप, प्रमाणपत्राची हमी, नोंदणी दीड हजार, मुदत आज रात्रीपर्यंत. वर्गातल्या दोघींनी भरलेसुद्धा. बाबाही म्हणतात भर. काय करू?

वेर्ण्याची क्यूसी: भरू नकोस गो बाय! मायक्रो घरबसल्या शिकता येत नाही, जंतू वाढवायची प्लेट हातात घ्यावीच लागते. मी वेर्ण्याला औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत आहे, मुलाखती घेते. मी विचारते ते निगेटिव्ह कंट्रोल (तुलनेसाठीचा जंतू नसलेला नमुना) का ठेवलास, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) नीट चालला हे कशावरून ठरवलंस. असल्या प्रमाणपत्राचा तिथे काही उपयोग नाही.

एचआरचा नाद सोड. लिंक्डइनवर तुझ्या कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थी दिसतात. त्यांतले वेर्णा, कुंडई, पिसुर्ले या आपल्या गोव्यातल्या औद्योगिक वसाहतींत क्यूसी मायक्रोत असलेले शोध. पिसुर्ले तर तुला साखळीहून जवळच. ‘सर, इंटर्नशिप द्या’ एवढंच लिहू नकोस. ग्रॅम स्टेनिंग, मेम्ब्रेन फिल्ट्रेशन, जे हाताने केलंयस ते सांग आणि तुमच्याकडे पाण्याचे नमुने कोण तपासतं, असं काहीतरी नेमकं विचार. अशा मेसेजला मी रात्री जेवण झाल्यावरसुद्धा उत्तर देते. आणि पंधरा दिवस मागू नकोस, दोन महिने माग. स्टेराइल विभागात शिरण्याआधी गाऊनिंगचं, म्हणजे निर्जंतुक कपडे घालण्याचं प्रशिक्षण लागतं, त्यातच पंधरवडा जातो.

त्या दोघींना आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांग. लवकर कळवलं तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येतात.

दोनापावल: एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) सारख्या सरकारी संस्थांचाही विचार कर. तिथे कॉलेजमार्फत अर्ज करायचा. काही सरकारी प्रयोगशाळा प्रशिक्षण शुल्क घेतात, पण ते संस्थेच्या खात्यात आणि पावतीसह. कुणाच्या यूपीआयवर नाही.

फोंडेकर: पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या नावानेही व्हॉट्सअ‍ॅपवर लिंका फिरतात. २०२४ला सुरू झाली तेव्हा ती योजना २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिकत नसलेल्या मुलांसाठी होती, अर्जाला पैसे पडत नाहीत. तू शिकतेयस, तेव्हा ती तुला लागू आहे का ते योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघ.

साखळीकर: ताई, आमच्याच कॉलेजची एक सीनियर पिसुर्लेला सापडली! तिने कॉलेजचं पत्र मागितलंय. त्यात काय असावं?

वेर्ण्याची क्यूसी: विभागप्रमुखांची सही, कॉलेजचा शिक्का, तुझा रोल नंबर, विषय. तारखा मात्र सीनियरला विचारूनच घाल. ऑडिटच्या दिवसांत बाहेरच्या कुणालाच आत घेत नाहीत.