‘मॉड्युलर’ अणुभट्टी: घटकी, एककी की आणखी काही?

प्रश्न
लहान मॉड्युलर अणुभट्ट्यांवरील लेखाचा अनुवाद करताना दोन ठिकाणी अडले आहे. ‘मॉड्युलर’साठी मी ‘घटकी’ लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘सुट्या भागांची’ असे केले. दुसरी अडचण मोठी आहे. यांतील बहुतेक भट्ट्या अजून कागदावरच असून कन्सेप्च्युअल, बेसिक आणि डिटेल्ड अशा डिझाइनच्या निरनिराळ्या पायऱ्यांवर आहेत. तिन्हींना ‘आराखडा’ म्हटले, तर भेदच पुसला जातो.

प्रतिसाद
‘सुटे भाग’ म्हणजे बदलीसाठी ठेवलेले भाग. येथे कारखान्यात तयार झालेले एकक जागेवर नेऊन बसवायचे आणि गरजेप्रमाणे शेजारी तसेच दुसरे उभे करायचे, असा अर्थ आहे. म्हणून ‘एककी’ म्हणावे.

प्रतिसाद
‘एककी’ घाईत ‘एकाकी’ वाचले जाईल! मॉड्युलर किचन ज्यांना समजते, त्यांना मॉड्युलर भट्टीही समजेल.

प्रतिसाद
शब्द कोणताही घ्या, पण विशेषण गाळू नका. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था साधारणपणे ३०० मेगावॅटपर्यंत वीज देणाऱ्या भट्टीला ‘लहान’ म्हणते. तेवढ्यावर थांबलो, तर १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही लहानच ठरतात, मात्र मॉड्युलर ठरत नाहीत. उलट, ‘अकादेमिक लोमोनोसोव्ह’ या रशियाच्या तरंगत्या केंद्रातील प्रत्येकी ३५ मेगावॅटच्या दोन भट्ट्या गोदीतच बसवल्या गेल्या, म्हणून त्या लहानही ठरतात आणि मॉड्युलरही.

प्रतिसाद
मुळात ‘भट्टी’ हाच शब्द सदोष आहे. तो संस्कृत ‘भ्राष्ट्र’पासून, म्हणजे भाजण्याच्या पात्रावरून आला; येथे तर ज्वलन होतच नाही. शिवाय विखंडन, म्हणजे ज्यातून ही उष्णता मिळते ती फुटण्याची क्रिया, अणूच्या गर्भात होते, त्यामुळे ‘अणुगर्भीय’ म्हणायला हवे.

प्रतिसाद
व्युत्पत्तीने शब्द बांधायचे ठरवले, तर फारसी ‘सियाह’ (काळा) वरून आलेली ‘शाई’ फक्त काळीच असायला हवी. हिंदीत ‘अणु’ म्हणजे आपला रेणू; तरीही दोन्हीकडे काम अडलेले नाही.

प्रतिसाद
मूळ प्रश्नाकडे वळतो. डिझाइनसाठी ‘संकल्पचित्र’ हा शब्द रुळलेला आहे. जलसंपदा विभागाच्या नाशिकच्या संस्थेचे नावच ‘मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना’ आहे.

प्रश्नकर्ता
मग पहिल्या पायरीला ‘संकल्पनात्मक संकल्पचित्र’ म्हणायचे काय? आणि त्या पायरीवर चित्रांपेक्षा भट्टीच्या गाभ्यातील न्यूट्रॉनांची व उष्णतेची गणिते अधिक असतात.

प्रतिसाद
‘प्राथमिक’ म्हणा. भट्टीविषयीच्या आक्षेपाला मात्र अद्याप उत्तर मिळालेले नाही. शाईचा दाखला येथे लागू पडत नाही, कारण शाईने निदान लिहिता तरी येते.